सामानाचा अंगभूत दोष

माल्टा,
ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासातला पाचवा शुक्रवार

तीर्थरूप सासूबाई पेनाबाई यांना,
जावई झाफिर याचा, तुमच्या उजव्या हाताला ओठ टेकवून, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? धुराड्यातून धूर उलटा घरात येत होता, तो थांबला का? शेळी अजून आटलेलीच आहे का? मी इथे खुशाल आहे, म्हणजे तब्येतीने. बाकीचं पुढे येईलच. फोन असताना झाफिरने पत्र का लिहावं, असं तुमच्या मनात येईल. त्याचं कारण असं, की फोनवर स्तोइलचं नाव निघालं की तुम्ही ‘दूध उतू जातंय’ म्हणता आणि फोन ठेवता. (शेळी आटल्यापासूनसुद्धा तुमच्याकडे दूध उतू जातं, हे तुमच्या लेकीच्या, एल्काच्या, लक्षात आलं आहे.) पत्र असं मधेच ठेवता येत नाही. ठेवलंत तरी ते टेबलावर पडून राहतं आणि संध्याकाळी पुन्हा हातात येतं. चष्मा सापडला नाही तर एल्काकडून वाचून घ्या, शेजारच्या गिनाकाकूंकडून मात्र नको. का नको तेही पुढे येईल.

तुमचं आणि तुमच्या मुलाचं जे झालं ते मला उगाळायचं नाही, पण आधी वस्तुस्थिती मांडावी आणि मग तोंड उघडावं, असं मला या आठवड्यात शिकवलं गेलं आहे. वस्तुस्थिती अशी, की दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या जेवणावर स्तोइलने सांगितलं, मी माल्टाला विमानदुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी धरली आहे, आजच निघतो. तुम्ही म्हणालात, जायचं तर जा, पण मी बोलावल्याशिवाय परत येऊ नकोस. तो म्हणाला, नाहीच येणार. झालं. तेव्हापासून तुम्ही बोलावलं नाहीत आणि तो आला नाही. दोघंही शब्दाला पक्के. (मधल्या मधे एल्का रडून अर्धी झाली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.) मग या महिन्यात कंपनीने मला माल्टाला पाठवायचं ठरवलं आणि तुम्ही तळघरात जाऊन पिंपात खारात मुरलेल्या भाज्यांच्या तुर्शियाची मोठी बरणी भरून वर आणलीत. तोंडातून शब्द काढला नाहीत, पण बोलावणं निघालं हे घरात सगळ्यांना कळलं. तेव्हा ही बरणी स्तोइलच्या हातात पडणं किती गरजेचं होतं याची मला पूर्ण जाणीव होती, हे आधी नोंदवून ठेवतो. ती पडली नाही, हे त्यानंतर नोंदवतो.

आता रागावण्यापूर्वी पुढचं वाचा. कंपनीने मला पाठवलं ते ‘विमान व्यवसायातल्या मंडळींसाठी आंतरराष्ट्रीय हवाई कायद्याची तोंडओळख’ नावाच्या वर्गाला. आमचे सामान विभागाचे मुख्य निवृत्त होत आहेत. साहेबांचं म्हणणं, कायद्याचं प्रमाणपत्र आणलंस तर ती खुर्ची तुझी, नाही तर सोफियाहून कुणीतरी टाय लावलेला येईल. मी हे तुम्हाला सविस्तर सांगितलं होतं. तुम्ही त्यातलं ‘झाफिर माल्टाला चाललाय’ एवढंच ऐकलंत. त्यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे माणूस परदेशी निघाला की त्याच्याबरोबर कुणाची ना कुणाची बरणी जातेच, तो तिथे ऑपरेशनला चालला असला तरी.

बॅग तुम्ही भरलीत. मी जवळ गेलो तेव्हा ‘तुला सामानातलं काय कळतं’ असं म्हणून मला बाहेर काढलंत. (उभा जन्म विमानतळावर सामान वाहण्यात गेलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, पण असो.) बरणीला माझा लोकरी स्वेटर गुंडाळलात, दोन बाजूंना माझे नवे बूट लावलेत, वर परीक्षेसाठी इस्त्री केलेले शर्ट रचलेत. झाकण असं आवळलंत की ते उघडायला स्तोइलला कारखान्यातली हत्यारं लागली असती. आणि निघताना दारात म्हणालात, ‘माझं नाव काढू नकोस. घरात जास्तीची झाली होती म्हण.’ त्या तुर्शियात किसलेल्या तिखट मुळाचा वास अख्ख्या गावात एकाच घरातून येतो, तेव्हा नाव न काढण्याने काय साधणार होतं ते मला कळलं नाही, पण मी मान डोलावली.

विमानतळावर काउंटरला आमचा यान्को होता. त्याने नियमाप्रमाणे मला विचारलं, ‘बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?’ सासूबाई, हा प्रश्न मी स्वतः इतक्या लोकांना विचारला आहे की झोपेतही विचारतो, असं एल्का सांगते. आणि आजवर एकानेही ‘नाही, सासूने भरली’ असं उत्तर दिलेलं नाही, अगदी ज्यांच्या तोंडावर ते लिहिलेलं असतं त्यांनीही. मीही म्हणालो, हो, स्वतः भरली. नाही म्हटलं असतं तर यान्कोला ती उघडावी लागली असती, आणि तुमची बरणी आमच्या माणसांसमोर उघडी पडली असती तर माल्टाला नुसती काच गेली असती. यान्कोने साहेब होऊ घातलेल्या माणसाला मान म्हणून बॅगेवर ‘नाजूक’ची लाल चिठ्ठी लावली, आणि ही बॅग सगळ्या सामानाच्या वर ठेवा असं, वाटेत विमान बदलायचं होतं त्या सोफियालाही कळवून ठेवलं. नाजूक वस्तू वर ठेवायची, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. वर ठेवलेली वस्तू गळायला लागली तर कुणाकुणावर गळेल, हा विचार त्या शिकवणीत कुणी घातलेला नाही.

माल्टाला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ उभा राहिलो. माझी बॅग येण्याआधी तिचा वास आला. लोक एकेक पाऊल मागे सरकले. मग ती आली, लाल चिठ्ठीसकट, चारही कोपऱ्यांतून ठिबकत. मी काय केलं असेन? मी साळसूदपणे दुसऱ्या पट्ट्याकडे पाहत उभा राहिलो. बॅग माझ्यासमोरून फेऱ्या मारत होती आणि मी तिला ओळख देत नव्हतो. माझ्या शेजारी एक सडपातळ, पिकल्या केसांच्या बाई स्वतःची सुटकेस उघडून आतला करडा कोट नाकाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, ‘हा वास कशाचा असेल हो?’ मी म्हणालो, ‘समुद्राचा असेल.’

सोमवारी सकाळी वर्गात शिरलो तर फळ्यासमोर त्याच बाई, त्याच करड्या कोटात. डॉक्टर मिफसूद. हवाई कायद्यात त्यांचा शब्द दूरदूर मानतात, आणि आदल्या आठवड्यात त्या सोफियाला शिकवून परतत होत्या. मी खिडकीजवळची जागा धरली आणि खिडकी उघडली, कारण माझे परीक्षेचे शर्ट दोनदा धुऊनही तुमचेच राहिले होते.

पहिल्या दिवशी फार छान शिकवलं. प्रत्येक देश आपल्या जमिनीवरच्या हवेचाही मालक असतो, विचारल्याशिवाय तिथून कुणी उडायचं नाही. हे शिकागोला सगळ्या देशांनी बसून ठरवलं. मला ते लगेच पटलं, कारण तुमच्या स्वयंपाकघरातही तसंच आहे. मग परवानग्यांच्या पायऱ्या आल्या. वर्गातल्या बाकीच्यांना त्या पाठ होईनात, मी मात्र गिनाकाकूंना डोळ्यांसमोर आणलं आणि सगळं सोपं झालं. पहिली परवानगी, तुमच्या कुंपणावरून न थांबता पुढे जाण्याची. दुसरी, पाणी प्यायला थांबण्याची, पण बातमी द्यायची नाही आणि घ्यायचीही नाही. तिसरी, स्वतःच्या घरची बातमी तुमच्याकडे आणून टाकण्याची. चौथी, तुमची बातमी स्वतःच्या घरी नेण्याची. आणि पाचवी, जी देश एकमेकांना सहजासहजी देत नाहीत, ती म्हणजे तुमच्याकडची बातमी उचलून परस्पर तिसऱ्याच घरी नेण्याची. ही पाचवी गिनाकाकूंनी कुणाला न विचारता घेतलेली आहे, म्हणून हे पत्र त्यांच्याकडे द्यायचं नाही.

दुपारी डॉक्टरबाईंनी आपली सुटकेस टेबलावर आणून ठेवली. म्हणाल्या, ‘माझ्या या बॅगेवर प्रवासात वरून काहीतरी सांडलं. आंबट आहे, त्यात सेलरी आहे, आणि आणखी काहीतरी आहे ते मला ओळखता येत नाही. आपण आठवडाभर हिचाच खटला चालवू.’ (ते तुमचं तिखट मूळ. हात वर करून सांगावंसं वाटलं, पण मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.) वर्गात मिलुतिन म्हणून एक सर्बियाचा माणूस आहे, विमानात जेवण पुरवणारा. त्याने उठून वास घेतला आणि शांतपणे सांगितलं, ‘तुर्शिया. आमच्याकडेही करतात, पण आमची इतकी अंगावर येत नाही. ही बल्गेरियाची.’ वर्गात बल्गेरियाचा मी एकटा. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी म्हणालो, तुर्कस्तानातही करतात.

खटला मंगळवारभर चालला. मिलुतिनचं म्हणणं, बरणीवाल्याला शोधून काढा आणि त्याच्याकडून सगळे कपडे हाताने धुऊन घ्या. डॉक्टरबाईंनी कायदा समजावला तो असा. हा करार मॉन्ट्रियलला झालेला आहे. सामान विमान कंपनीच्या ताब्यात असताना बिघडलं तर भरपाई कंपनीने करायची, म्हणून डॉक्टरबाईंच्या सुटकेसचा भार कंपनीवर. मात्र कंपनी नंतर बरणीवाल्याचं मानगूट धरू शकते. आणि खुद्द बरणीवाल्याचं जे नुकसान झालं, त्याचं त्याला काही मिळणार नाही, कारण जे सामान आपल्याच गुणाने फुटलं त्याला ‘सामानाचा अंगभूत दोष’ म्हणतात आणि तिथे कंपनी हात वर करते. हे ऐकून मला तुमच्या घराण्याची आठवण झाली, पण ती मी वर्गात सांगितली नाही. मग बाईंनी मला विचारलं, ‘झाफिर, तुम्ही सामानातले जाणकार. त्या बरणीवाल्याबद्दल तुमचं काय मत?’ मी म्हणालो, मॅडम, तो बिचारा आधीच भोगत असेल. त्या म्हणाल्या, ‘कायद्यात बिचारा असा शब्द नाही.’

बुधवारी मुदतींचा धडा झाला. सामान बिघडलं तर सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची, नाही तर तोंड मिटून बसायचं. आणि कोर्टात जायचं तर दोन वर्षांच्या आत. विमान पोचलं त्या दिवसापासून दोन वर्षं, किंवा पोचायला हवं होतं त्या दिवसापासून. त्यानंतर तुमचं गाऱ्हाणं कितीही खरं असो, कुणी ऐकून घेत नाही, तो हक्कच विझतो. हे मी वहीत दोनदा लिहून घेतलं. का, ते तेव्हा माझं मलाही नीट कळलं नव्हतं.

काल तोंडी परीक्षा होती. बाईंनी मला शिकागो विचारलं, आलं. मॉन्ट्रियल विचारलं, आलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘आता शेवटचा प्रश्न. या खोलीत त्या वासाचे दोन कपडे आहेत. एक माझ्या अंगावर आहे. बॅग तुम्ही स्वतः भरली होतीत का?’ आणि सासूबाई, आयुष्यात पहिल्यांदा मी त्या प्रश्नाला नाही म्हणालो. सगळं सांगितलं. तुम्ही, स्तोइल, दोन वर्षं, तळघर, यान्को, समुद्राचा वास. शेवटी म्हणाल्या, ‘माझी तक्रार करायची मुदत रविवारी संपते. मी केली तर कंपनी तुमच्यावर येईल आणि निकाल लागेल. निकाल लागलेला खटला शिकवायला नीरस होतो. मला उदाहरण हवंय.’ आणि त्यांनी मला पास केलं. गुण बेताचेच दिले, खोटं बोलल्याबद्दल कापले म्हणाल्या.

तर असं आहे. प्रमाणपत्र मिळालं, बरणी फुटली. स्वेटर आटून आता एल्काच्या मापाचा झाला आहे. स्तोइल भेटला. तो ठीक आहे, थोडा वाळला आहे. फारसं बोलणं झालं नाही. बरणीबद्दल तुमची मनापासून क्षमा मागतो. गुडघ्याला ऊब द्या, थंडीत अंगणात उभ्या राहू नका. एल्काला सांगा, मी पुढच्या आठवड्यात पोचतो आणि येताना कुणाचंही काहीही आणत नाही.

तुमचा आज्ञाधारक जावई,
झाफिर

ता. क. डॉक्टरबाई पुढच्या वर्गात हा खटला शिकवणार आहेत. बरणी कुणी भरली, झाकण कुणी आवळलं, एवढं तुमच्या हातचं दोन ओळीत लिहून पाठवाल का? नाव घालायचं नसेल तर घालू नका. घरात जास्तीची झाली होती, असं लिहा.

पुन्हा ता. क. फारसं बोलणं झालं नाही, असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. आठवडाभर मीच त्याला टाळत होतो, रिकाम्या हाताने काय भेटायचं म्हणून. शेवटी काल परीक्षेनंतर तोच माझ्या खोलीवर आला. दारात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबला. म्हणाला, ‘दाजी, आईची बरणी फुटली ना?’ मी घरात जास्तीची झाली होती म्हणायला लागलो, तर ‘गप बसा’ म्हणाला. मग बॅग उघडून बसला. सगळं मी धुतलं होतं, पण डाव्या बुटाच्या टोकात फुलकोबीचा एक तुरा अडकून राहिला होता तो त्याला सापडला. त्याने तो खाल्ला. (बूट नवा होता, हे तुमच्या माहितीसाठी.) चावता चावता थांबला. म्हणाला, ‘मीठ कमी आहे.’ मी म्हणालो, असेल. तो म्हणाला, ‘असेल काय? आईच्या हातून उभ्या जन्मात मीठ कमी पडलेलं नाही. तिचं मीठ डॉक्टरने तोडलंय. ब्लडप्रेशर आहे का तिला?’ मी म्हणालो, फक्त गुडघा दुखतो. त्यावर तो माझ्यावर भडकला. ‘तुम्ही रोज तिच्या हातचं जेवता आणि तुम्हाला कळलं नाही? म्हणून तर बरणी फुटली. मीठ कमी पडलं की खार आंबतच राहतो, झाकण कितीही आवळा.’ सासूबाई, मला खरंच कळलं नव्हतं. गेले काही महिने मला वाटत होतं की माझ्याच जिभेची चव गेली. एल्कालाही तुम्ही सांगितलं नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि मी तुमच्यावर थोडा रागावलोही आहे, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

तिसरी ता. क. ही खरी. स्तोइल बूट हातात घेऊन कॉटवर टेकला. मग मी त्याला बुधवारचा धडा सांगितला, की दोन वर्षं उलटली की कुठलंही गाऱ्हाणं विझतं, आणि तुझी मुदत या ईस्टरला संपते. तो म्हणाला, ‘माझी संपते. पण मी मागच्याच ईस्टरला घरी पोचायला हवं होतं. तिथून मोजलं तर तिची माझ्यावरची तक्रार अजून वर्षभर चालेल.’ मी म्हणालो, कायद्याने तसंच आहे. तो म्हणाला, ‘मग तिला ती समोरासमोर करू दे.’ त्याने रजा टाकली आहे. मागच्या वर्षी तुम्ही ईस्टरच्या शनिवारी बहिणीकडे बाल्चिकला निघून गेलात, या वर्षी जाऊ नका, एवढंच सांगायला हे सगळं पत्र लिहिलं. तुम्हाला कळवायचं नाही असं त्याने मला बजावलं आहे, तेव्हा तुम्हाला काही ठाऊक नाही. आणि तो आला म्हणून मीठ पहिल्यासारखं घालायला जाऊ नका. आहे तसंच कमी घाला. तो म्हणाला, ‘मी वरून घेईन.’